खरंच येऊ, की नुसतं म्हणालात?

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. ज्या कुणी हा शब्द काढला त्याला एकदा माझ्या क्लासच्या जिन्यात उभं करून विचारायचं होतं, की बाबा रे, यातलं स्वतःत मग्न नेमकं कोण? इथे एक मुलगा अर्धा तास समोरच्याच्या भुवया निरखून आपलं काय चुकलं याचा अंदाज बांधतोय, आणि समोरचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. हा शब्दकर्ता मला कधी भेटला नाही. त्यामुळे राग दिवाळी अंकात काढते आहे. संपादकांनी ‘मोकळेपणाने लिहा’ असं कळवलं होतं, ते त्यांना आता महागात पडेल.

मी आयुष्यभर ऑटिस्टिक मुलांना शिकवलं. प्रमाणपत्रावर ‘विशेष शिक्षिका’ असं लिहिलेलं आहे, पण नारायण पेठेत सगळे ‘बाईंचा क्लास’ म्हणायचे. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान आणि वर माझ्या दोन खोल्या. नाडी बांधण्यापासून रिक्षावाल्याशी बोलण्यापर्यंत सगळं तिथे शिकवलं जायचं. पण पालक यायचे ते एकच वाक्य घेऊन: याला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही हो. सुरुवातीला मी मान डोलवायचे. पुढे धीट झाले आणि उलट विचारायला लागले, की तुम्हाला याच्या मनातलं कळतं का? काहींनी क्लास बदलला.

आमच्याकडे एक जुनी परीक्षा आहे. दोन बाहुल्या, एक टोपली आणि एक डबा. पहिली बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे दुसरी ती गोटी काढून डब्यात टाकते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? मूल ‘टोपलीत’ म्हणालं तर त्याला दुसऱ्याच्या मनाचा अंदाज आहे असं समजायचं. ‘डब्यात’ म्हणालं तर नाही, कारण आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असणार असं ते धरून चाललंय.

शर्वरी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीने यातलं एकही उत्तर दिलं नाही. बाहुली कापडाची आहे, ती शोधणार नाही, असं ती म्हणाली. परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंनी तिला नापास केलं. मला ते काही पटेना. मग एके दिवशी आईबाबा दोघंही तिला न्यायला आले तेव्हा मी वडिलांचा चष्मा त्यांच्यादेखत टेबलावर ठेवला, ते फोनवर बोलायला जिन्यात गेले तशी कपाटात लपवला, आणि शर्वरीला विचारलं, बाबा आता चष्मा कुठे शोधतील? ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा शोधणार नाहीत. आईला हाक मारतील.’ बाबा आत आले आणि त्यांनी आईला हाक मारली.

आता काही मुलांना हे खरोखरच अवघड जातं, त्यात मी खोटं बोलणार नाही. तुम्हाआम्हाला समोरच्याचा चेहरा पाहून जे आपोआप उमगतं ते त्यांना पायरी-पायरीने मांडावं लागतं. तोंडी हिशेब जमणाऱ्याला कागद लागत नाही, दुसऱ्याला लागतो. उत्तर तेच येतं, फक्त उशिरा येतं आणि डोकं दुखतं. त्यासाठी मी फळ्यावर काडीची माणसं काढायचे. माणूस जे बोलतो ते चौकटीत लिहायचं आणि त्याच्या मनात जे असतं ते डोक्यावरच्या ढगात. चौकट आणि ढग एकसारखे असतीलच असं नाही, हा आमचा पहिला धडा. पहिलीतल्या पोरापासून नोकरी करणाऱ्या तरुणापर्यंत सगळ्यांनी हे ढग भरले आहेत.

मिलिंद गायकवाडने मात्र या ढगांवरून माझ्याशी कायम वाद घातला. कोथरूडच्या एका सोसायटीत तो आईबरोबर राहतो. वडील तो लहान असतानाच गेले. आई, उज्ज्वलाताई, सरकारी कार्यालयात अधिकारी. मिलिंद माझ्याकडे आला तेव्हा शाळेत होता, आता तिशीकडे झुकलाय. माझ्या क्लासपासून हाकेच्या अंतरावर एक छापखाना आहे, तिथे तो मुद्रितं तपासतो. कोथरूडहून बसने एकटा येतो, एकटा जातो. त्याच्या नजरेतून चुकीचा काना सुटत नाही, आणि छापखान्याचे मालक त्याला वचकून असतात.

त्याची दुसरी आवड म्हणजे धरणं. खडकवासल्यात आज किती पाणी आहे, पानशेतमधून किती येतंय, नदीत किती सोडलंय, हे तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो. पावसाळ्यात लोक ऐकतात, उन्हाळ्यात तर अगदी कान देऊन ऐकतात, कारण नळाला पाणी येणार की नाही हे त्यालाच माहीत असतं. शर्वरी आणि तो क्लासमध्ये भेटले की तासभर यावरच बोलत. एकमेकांकडे बघत नसत, मधेच उठून जात, परत येऊन तुटलेल्या वाक्यापासून पुढे चालू करत, आणि दोघांपैकी कुणाचाही कधी गैरसमज झाल्याचं मला आठवत नाही. यांना माणसांशी बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम त्या वेळी बोलवायचे.

मी क्लास बंद करून घरी बसल्यानंतरची ही गोष्ट. मिलिंदच्या खालच्या मजल्यावर दामले राहतात. निवृत्त, बोलके, पाण्याच्या प्रश्नात रस असलेले. एका उन्हाळ्यात लिफ्टमधून बाहेर पडता पडता ते मिलिंदला म्हणाले, ‘ये की एकदा दुपारी चहाला, सविस्तर सांग.’ आपण सगळेच असं म्हणतो. म्हणतो आणि विसरतो, आणि ऐकणाराही विसरेल याची आपल्याला खात्री असते.

मिलिंद विसरला नाही. त्याला छापखान्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली त्या दुपारी तो धरणांचे आकडे कागदावर लिहून घेऊन दामल्यांकडे गेला आणि त्याने बेल वाजवली. दामले बँकेत गेले होते. घरात दामलेकाकू एकट्याच. त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि दार उघडलं नाही. भिंग काळं झालेलं मिलिंदला बाहेरून दिसलं. आत माणूस आहे आणि त्याने आपल्याला पाहिलंय, हे त्याने बरोबर ओळखलं. मग दार उघडेलच म्हणून तो बेल वाजवत राहिला. काकू घाबरल्या, त्यांनी नवऱ्याला फोन केला, वॉचमन वर आला, शेजारी जमले, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘त्या गायकवाडांचा मुलगा’ हा विषय झाला.

आठवडा उलटायच्या आत दामल्यांची लेखी तक्रार सोसायटीच्या समितीकडे आली. आमंत्रणाचा त्यात उल्लेख नव्हता. ‘विनाकारण बेल वाजवून महिलेला भयभीत केले’ असं होतं. त्यावर समितीने उज्ज्वलाताईंना एक हमीपत्र धाडलं: यापुढे मिलिंद घराबाहेर पडेल तेव्हा त्याच्यासोबत जबाबदार व्यक्ती असेल. विशेष सभेत सर्वांसमक्ष सही करावी. जबाबदार व्यक्ती म्हणजे कोण? आईचं ऑफिस, घरात तिसरं माणूस नाही. सही केली की मिलिंदची बस बंद, छापखाना बंद, रोजची चक्कर बंद. कमावता, आपलं आपण करणारा मुलगा त्या एका कागदाने घरात कोंडला जाणार होता. उज्ज्वलाताई कागद घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा रडल्या नाहीत. बाई, सभेला तुम्ही या, एवढंच म्हणाल्या.

सभेआधी मिलिंदला मी घरी बोलावलं. जुन्या सवयीने कागदावर काडीचे दामले काढले, चौकटीत ‘ये की एकदा चहाला’ लिहिलं आणि ढग त्याला भरायला सांगितला. त्याने ढगातही ‘ये की एकदा चहाला’ असंच लिहिलं. मी म्हटलं, त्यांच्या मनात तसं नसेल, लोक असं नुसतं म्हणतात.

‘म्हणजे ते खोटं बोलले?’

‘खोटं नाही रे. चांगुलपणाने बोलले.’

‘चांगुलपणाने खोटं बोलले,’ असं म्हणून त्याने ते ढगात लिहून टाकलं.

मी हरले. पण त्याचं समाधान झालं नव्हतं. खरं बोलावणं आणि नुसतं बोलावणं यातला फरक बाहेरून कसा ओळखायचा, हे त्याला हवं होतं. मी सांगायला लागले, की आवाज बघायचा, वेळ ठरवली का ते बघायचं, चालता चालता म्हणाले की थांबून म्हणाले ते बघायचं. सांगता सांगताच मला आठवलं, की एका बाईंनी मला वेळ ठरवून, थांबून, हात धरून बोलावलं होतं, आणि मी दारात उभी राहिल्यावर ‘आज इकडे कशी वाट चुकलात?’ असं विचारलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा विषय शिकवून मलाही तो येत नव्हता. येतो असं समजून आपण सगळे वावरतो, इतकंच.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. ओळखता येत नसेल तर विचारायचं. ‘खरंच येऊ, की नुसतं म्हणालात?’ मी म्हटलं, लोकांना ते उद्धट वाटेल. तो म्हणाला, वाटू दे, दार बंद ठेवण्यापेक्षा बरं. छापखान्याच्या मालकांवर त्याने हा प्रश्न पहिल्यांदा वापरला आणि ते गडबडून गेले. मग तो पुन्हा घरी आला तेव्हा माझी पाळी आली. मी निरोप देताना म्हणाले, ये रे मधून मधून. त्याने दारातच प्रश्न विचारला. मला थांबून विचार करावा लागला. नुसतं म्हणाले, असं मी कबूल केलं. वाईट वाटेल म्हणून मी त्याच्याकडे बघत होते, तर तो चक्क खूश होता. इतक्या वर्षांत मी त्याला दिलेलं हे बहुधा सगळ्यात सोपं उत्तर होतं.

सभा रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एका स्कूटरवर ठेवलेला चहाचा थर्मास. मी सभासद नव्हते, त्यामुळे मला ‘बसा, पण बोलू नका’ अशी परवानगी मिळाली. उज्ज्वलाताईंची मिलिंदला आणायची इच्छा नव्हती. माझ्याबद्दल बोलणार आहेत तर मी ऐकणार, असं म्हणून तो आला आणि पहिल्या रांगेत बसला. त्यामुळे लोकांची फार पंचाईत झाली. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायची सर्वांनी तयारी केली होती.

सेक्रेटरींनी तक्रार वाचली. आमचा वैयक्तिक आकस नाही, असं सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं. एका गृहस्थांनी ‘अशा लोकांना भावना समजत नाहीत, त्यांचा दोष नसतो’ असं अतिशय समजूतदार आवाजात सांगितलं. मला बोलायची परवानगी नव्हती म्हणून ते बचावले. मिलिंदने हात वर केला आणि उठून काकूंच्या समोर जाऊन उभा राहिला, जरा लांब, त्यांच्या चपलांकडे बघत.

‘काकू, तुम्ही दारामागे होतात. तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?’

दामले मधेच बोलू लागले, की तिचं म्हणणं असं आहे. मिलिंद म्हणाला, ‘मी काकूंना विचारलंय.’

काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. ‘भीती वाटत होती,’ त्या म्हणाल्या. ‘मी एकटी होते आणि तू थांबेनास.’

‘मला वाटलं, तुम्ही चहा गाळताय.’

मागे कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. कुठला चहा, असं त्यांनी विचारलं. मिलिंदने लिफ्टमधलं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. काकूंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने कुणाला चहाला बोलावलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्या दुपारीही नाही आणि तक्रार लिहितानाही नाही. दामले खुर्चीत सावरून बसले. ते काय, असंच बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं, असं काहीसं ते पुटपुटले.

‘म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं,’ मिलिंद काकूंना म्हणाला. ‘काकांना माहीत आहे म्हणजे तुम्हालाही आहे असं मी धरलं. ते माझं चुकलं. तुम्हाला भीती वाटली, त्याबद्दल सॉरी.’

बाहुल्या आणि गोटी घेऊन जन्मभर मी जो प्रश्न विचारला तोच इथे जिवंत उभा होता, आणि त्यात दोन माणसं नापास झाली होती. आपल्याला माहीत आहे ते दारापलीकडच्यालाही असेल असं दोघांनी धरलं होतं, मिलिंदने काकूंबद्दल आणि दामल्यांनी मिलिंदबद्दल. दोघांपैकी एकाने आपली चूक शोधून, मोठ्याने सांगून, माफी मागितली. दुसऱ्याला त्याबद्दल कुणी हमीपत्र पाठवलेलं नव्हतं.

मग एकच गलका झाला. काही जण दामल्यांवर घसरले, काही मूळ मुद्दा सोडू नका म्हणून ओरडू लागले, कुणी पार्किंगच्या जागेचा जुना वाद उकरून काढला. मिलिंदने कानांवर हात दाबले. मी आणि उज्ज्वलाताई दोघी उठू लागलो, तोवर तो स्वतःच म्हणाला, ‘खूप आवाज होतोय. मी चक्कर मारून येतो.’ आणि तो सगळ्यांसमोरून चालत फाटकाबाहेर गेला.

ज्या गोष्टीवर बंदी घालायला सगळे जमले होते ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडली. गलका थांबला. सेक्रेटरी उभे राहिले.

‘अहो गायकवाड मॅडम, तो एकटा गेला.’

‘हो. येईल,’ उज्ज्वलाताई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी हमीपत्र आणि पेन त्यांच्यापुढे केलं. आवाज मऊ करून ते म्हणाले, की मॅडम, थोडा आमच्या बाजूनेही विचार करा. उज्ज्वलाताईंनी पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि परत दिलं.

‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच शिकवलंय,’ त्या म्हणाल्या. ‘समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते आधी ओळखायचं आणि मग पाऊल टाकायचं. आजोबांनी ते केलं, वडिलांनी केलं, या सोसायटीत घर घेताना मीही केलं. माझा मुलगाही शिकतोय, तुम्ही आत्ता पाहिलंत. आता तुमच्या बाजूने कुणीतरी शिकायला सुरुवात करा. मी सही करणार नाही.’

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते न कळण्याइतकं तिथे कुणीच भोळं नव्हतं. त्यांच्या दिवाणखान्यातला बाबासाहेबांचा फोटो पाहून ‘छान फ्रेम आहे’ म्हणणारी माणसंही त्याच खुर्च्यांवर होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाल्याचं जाहीर केलं. पुण्यात हार मानायची हीच रीत आहे. पुढची सभा झाली ती पाण्याच्या टाकीवर, आणि त्या कागदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मिलिंद अजून बसने छापखान्यात जातो.

त्या सकाळी तो काही वेळाने परत आला, कोपऱ्यावरच्या झाडाच्या मुळ्यांनी फरशी उचलली आहे आणि कुणीतरी पडेल, असं सेक्रेटरींना सांगून जिन्याने वर गेला. लोक पांगले. दामले खुर्च्यांची चळत रचण्यात एकदम मग्न झाले. मी निघायच्या तयारीत होते, तेव्हा दामलेकाकू माझ्याजवळ आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, की तुमच्या त्या क्लासमध्ये मोठ्या माणसांना घेता का?

मी म्हटलं, क्लास तर बंद केला, पण कुणासाठी विचारताय?

‘आमच्या ह्यांच्यासाठी.’

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि डॉक्टर मंडळी आमच्या पालकांना पहिल्या भेटीत जे ऐकवतात तेच, त्याच गंभीर आवाजात त्यांना ऐकवलं. वय बरंच झालंय, वेळ लागेल, घरच्यांची साथ लागेल, आणि फार अपेक्षा ठेवू नका.